दाढदुखीची पुडी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

औषधाच्या दुकानात जाऊन "दाढ ठणकतेय, काहीतरी द्या" एवढे म्हटले की डॉक्टरच्या चिठ्ठीची विचारणा सहसा होत नाही. कात्रीने पट्ट्या कापल्या जातात आणि कागदी पुडीत चार तऱ्हेच्या गोळ्या पडतात. एक प्रतिजैविक (अँटिबायोटिक), बहुधा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी, नाहीतर अमॉक्सिसिलिन. एक दुखण्याची, म्हणजे ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, निमेसुलाइड किंवा पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक. एक सुजेवरची सेरॅशिओपेप्टिडेज, आणि एक ॲसिडिटी होऊ नये म्हणून. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, दोन दिवस. कापलेल्या तुकड्यावर औषधाचे नाव अर्धेच असते आणि मुदतीची तारीख दुसऱ्या कुणाच्या पुडीत गेलेली असते. दोन दिवसांत ठणका थांबतो, म्हणून पुढच्या वेळी तीच पुडी, आणि शेजारीपाजारीही तोच सल्ला.

ठणका थांबतो हे खरेच आहे. तो का थांबतो हे कळले तर पुडीवरचा विश्वास बराच उडेल.

दाताच्या मधोमध एक पोकळी असते. तीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. बोलण्यात आपण त्यालाच 'नस' म्हणतो. कीड वरच्या एनॅमलमधून आतल्या डेंटिनमध्ये उतरली की थंड किंवा गोड लागल्यावर सणक येते आणि काही सेकंदांत जाते. या टप्प्यावर कीड कोरून दात भरला की काम संपते, गोळी लागतच नाही. कीड नसेजवळ पोहोचली की नस सुजते. शरीरात इतरत्र सूज आली तर कातडी ताणते, जागा करून देते. दातात चारी बाजूंना कठीण भिंती. सुजेला पसरायला वाव नसतो, आतला दाब वाढतो आणि ठणका सुरू होतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येते, म्हणून रात्री तो असह्य होतो. गरम चहाचा घोट घेतला की कळ उठते आणि मिनिटेच्या मिनिटे जात नाही. दाब असाच वाढत राहिला तर मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून येणारा रक्तपुरवठा बंद पडतो आणि नस मरते. मेलेली नस दुखत नाही. पुष्कळदा पुडी नेमकी याच सुमारास पोटात गेलेली असते आणि श्रेय तिला मिळते.

त्यानंतरचे काही महिने दाढ गप्प असते. मेलेल्या नसेत जंतू मात्र वाढत राहतात, मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथे पू साठतो. कधी हिरडीवर लहानशी पुळी येते, फुटते, पुन्हा येते. ती दुखत नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. एक्स-रेत तोवर मुळाखालचे हाड विरघळून काळा डाग दिसू लागलेला असतो. ज्या दाढेला सुरुवातीला साधे फिलिंग पुरले असते, तिला आता रूट कॅनल आणि कॅप लागते. आणखी उशीर झाला की ती काढावीच लागते. पुडीवर वाचलेला पैसा असा कैक पटींनी वसूल होतो.

आता पुडीतल्या प्रतिजैविकाविषयी. गोळीतले औषध रक्तातून जाते. ज्या नसेचा रक्तपुरवठाच तुटला, तिच्यात ते पोहोचणार कसे? आणि नस जिवंत पण सुजलेली असेल तर दुखणे दाबाचे असते, ते प्रतिजैविकाने हलत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ साली दिलेली शिफारस स्पष्ट आहे: प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या प्रौढ माणसाला दाताचा उपचार मिळण्याजोगा असेल, तर बहुतेक दाढदुखीत, अगदी दातापुरत्या मर्यादित गळूतसुद्धा, प्रतिजैविक देऊ नये. दात उघडून पू मोकळा करणे, रूट कॅनल किंवा दात काढणे हा उपचार. प्रतिजैविक लागते ते ताप आला, चेहऱ्यावर सूज पसरू लागली, गळ्यातल्या गाठी सुजल्या, म्हणजे संसर्ग दाताबाहेर पडला की. तेव्हा प्रौढांना अमॉक्सिसिलिन साधारणपणे ५०० मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, ३ ते ७ दिवस देतात, आणि सोबत पूचा उगम साफ करतात. दिवसातून दोनदा, दोन दिवस, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. प्रतिजैविकाच्या अशा चारच गोळ्यांनी कमकुवत जंतू मरतात, चिवट उरतात.

ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही जोडी आपल्याकडे मुख्यतः जुलाबासाठी खपते. दाताच्या गळूत स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू भरपूर असतात आणि त्यांच्यावर ऑफ्लॉक्सासिनचा प्रभाव तोकडा पडतो. उलट ऑफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांनी टाचेमागचा स्नायुबंध दुखावण्याचा, क्वचित तुटण्याचा धोका साठीनंतर आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना अधिक. दाढदुखीवर ऑर्निडाझोलच्याच गटातले मेट्रोनिडाझोलही दिले जाते. ते घेताना आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस दारू नको, असा इशारा असतो. पुडीवर तो छापलेला नसतो. हृदयाची झडप बदललेल्या, वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाने मेट्रोनिडाझोल घेतले तर वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हा प्रश्न तर काउंटरवर ऐकू येत नाही.

वेदनाशामकांचे तसे नाही. ती खरोखर काम करतात, म्हणूनच जपून. सर्वांत जास्त घोळ दुहेरी मात्रेचा होतो. पुडीतल्या गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतेच. अंगात कणकण वाटली म्हणून वरून ६५० ची तापाची गोळी, रात्री ठणका वाढला म्हणून घरातली आणखी एखादी 'पेनकिलर'. तिन्ही गोळ्यांची नावे वेगळी, आतले औषध तेच. प्रौढाला २४ तासांत पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४ ग्रॅम आहे, रोज दारू पिणाऱ्याला त्याच्या निम्मीच धरावी. केटोरोलॅक हे जोरकस औषध आहे. तोंडावाटे दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, सलग ५ दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि सोबत आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक असे त्या जातीचे दुसरे कोणतेही वेदनाशामक नाही. ज्याला अल्सर आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे किंवा जो ॲस्पिरिन घेतो, त्याने केटोरोलॅकच्या वाटेला जाऊ नये. दाढदुखीवर ते आठवडाभर चघळणारी माणसे आहेत. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांतही यकृताला होणाऱ्या अपायामुळे ते दाढदुखीसाठी पहिली निवड असण्याचे कारण नाही. सेरॅशिओपेप्टिडेजने सूज उतरते याचा भरवशाचा पुरावा नाही. त्या गोळीचे पैसे वाया जातात, इतकेच.

याहून वाईट म्हणजे 'सुजेची बारीक गोळी'. ती पुष्कळदा बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन असते, म्हणजे स्टेरॉइड. गालाची सूज झटकन ओसरते, पेशंट खूश होतो, आणि संसर्गाशी लढणारी शरीराची यंत्रणा त्याच वेळी दबते. मधुमेह असेल तर साखर वर जाते आणि पू आणखी फोफावतो.

मुलांच्या बाबतीत चूक मापाची होते. पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो: किलोमागे १५ मिलिग्रॅम, किमान ६ तासांच्या अंतराने, २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा नाही. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागते. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते साडेसात मिली भरते. बाजारात ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचीही बाटली मिळते आणि तिच्यातून साडेसात मिली पाजले की ३७५ मिलिग्रॅम पोटात जाते, दुपटीहून जास्त. तेव्हा बाटलीवरचा आकडा वाचावा आणि घरातला चमचा न वापरता बाटलीसोबतचे माप वापरावे. मुलांना ॲस्पिरिन अजिबात नको. दात येताना हिरडीवर चोळायच्या बधिर करणाऱ्या जेलपैकी बेन्झोकेन असलेले २ वर्षांखालील बाळाला लावू नये. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्याने धोकादायकरीत्या घटू शकते.

घरगुती उपायांत लवंगेच्या तेलाला अर्थ आहे. त्यातले युजेनॉल नस बधिर करते. दवाखान्यात तात्पुरते भरण करायला झिंक ऑक्साइडसोबत तेच वापरतात. पण त्याची जागा किडीच्या खड्ड्यात आहे. तांदळाच्या दाण्याएवढा कापसाचा बोळा, त्यावर एक थेंब, जास्तीचे तेल टिपून चिमट्याने खड्ड्यात, बस्स. बोट बुडवून हिरडीवर चोळले की कातडी भाजते. बाटली लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये, काही मिली तेल पोटात गेले तरी यकृताला इजा होते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी गालात धरून ठेवण्याचा प्रकार अजून चालतो. ती आम्ल आहे; तासाभरात तिथली त्वचा पांढरीफटक होऊन सोलपटते, आणि दाढदुखी आहे तिथेच राहते. ठेचलेला लसूण, कापूर, रॉकेल यांचीही तीच गत. तुरटीने हिरडी आवळल्यासारखी वाटते आणि रक्त थोडा वेळ थांबते, पण रक्त ज्यामुळे येत होते ते टार्टर, म्हणजे दातावर चढलेले कठीण किटण, तसेच चिकटून राहते. लिंबू-मीठ किंवा कोळशाच्या पुडीने दात पांढरे करणारे एनॅमल विरघळवतात किंवा खरवडतात. एनॅमल पुन्हा उगवत नाही. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे पाडणाऱ्यां'विषयी एवढेच सांगतो, की दातांच्या किडीत अळी नसते. ते जंतूंच्या आम्लाने झिजलेले भोक असते. वाटीतल्या पाण्यात दिसते ते तोंडातून आलेले नसते.

मशेरीविषयी मात्र थोडे अधिक सांगायला हवे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ही पूड आपल्या खेड्यांतल्या पुष्कळ बायकांनी पहिल्यांदा हातात घेतली ती दाढ दुखत होती म्हणून. निकोटिनने क्षणभर बरे वाटते, दिवसातून एकदा लावणारी पुढे चार-पाच वेळा लावते, आणि दाढदुखीचे औषध म्हणून आलेली गोष्ट व्यसन होऊन बसते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. घरच्या तव्यावर ती बंदी चालत नाही. मशेरी लावणाऱ्या बाईच्या हिरड्या वर सरकतात, मुळे उघडी पडतात, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा आला तर तो कर्करोगाआधीचा असू शकतो.

इथेच तोंड येण्याच्या मलमांचा मुद्दा येतो. साधे तोंड आले तर ७ ते १० दिवसांत आपोआप बरे होते, मग कोणते का जेल लावले असेना. अडचण न भरणाऱ्या व्रणाची आहे. बी-कॉम्प्लेक्स, मग जेल, मग स्टेरॉइडचे मलम, मग दुसरे जेल, असे करत दोन-तीन महिने जातात आणि तोवर तो व्रण टणक झालेला असतो. दोन आठवड्यांत न भरलेला कोणताही व्रण, लाल किंवा पांढरा चट्टा दंतवैद्याला दाखवावा, मग तो दुखत असो वा नसो. न दुखणारा जास्त काळजीचा. गुटखा-सुपारी खाणाऱ्याला तिखट झोंबू लागले की तो 'उष्णता झाली' म्हणून मलम लावतो. त्याने आरशासमोर स्वतःची तीन बोटे उभी दातांमध्ये घालून पाहावीत. जात नसतील तर तोंड आखडू लागले आहे, आणि ते मलमाने उघडणार नाही.

क्लोरहेक्सिडिनच्या माऊथवॉशची ०.२ टक्क्यांची बाटली घरोघरी असते. तो १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. टूथपेस्टने दात घासल्यावर निदान अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर जातो. वापर दोन आठवड्यांपुरता. महिनोन् महिने वापरला तर दात तपकिरी होतात, चहाबाजांचे लवकर, आणि जिभेची चव बदलते. 'सेन्सिटिव्ह' पेस्टने फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. एकाच दाताला सणक येत असेल किंवा चावून सोडताना कळ येत असेल, तर तिथे कीड नाहीतर तडा आहे आणि पेस्ट त्याला फक्त झाकते.

मग रात्री दोन वाजता दाढ ठणकली तर करायचे काय? आधी दोन दातांत अडकलेला अन्नाचा कण धाग्याने काढावा; मटणाच्या तंतूने किंवा मक्याच्या सालीने उठलेला ठणका एवढ्यानेच थांबतो. सुई, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी नको. पेलाभर, म्हणजे २५० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भराव्यात. गालावर बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटे लावावा, १० मिनिटे काढावा. गरम शेक नको, त्याने आतला पू बाहेरच्या बाजूला, गालाच्या कातडीकडे सरकू शकतो आणि तिथून फुटला तर व्रण कायमचा राहतो. दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे. एरवी निरोगी प्रौढाने आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम एकत्र, काही खाऊन, ८ तासांच्या अंतराने, दिवसातून जास्तीत जास्त ३ वेळा आणि २ दिवसांपुरते घ्यावे. दाढदुखीवर ही जोडी चांगले काम करते. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकाने उठणारा दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर आयब्युप्रोफेन टाळून एकटे पॅरासिटामॉल. पावसाळ्यात सोबत ताप असेल तर डेंग्यूची शक्यता धरून हाच नियम. हृदयासाठी चालू असलेली ७५ ची ॲस्पिरिन 'दात काढायचाय' म्हणून आपल्या मनाने बंद करू नये.

प्रत्येक दाढदुखी दाढेची नसते, हेही ध्यानात असावे. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखतात आणि वाकल्यावर जास्त दुखतात, तेव्हा सायनस तपासायचा असतो. चेहरा धुताना, वाऱ्याची झुळूक लागताना विजेच्या झटक्यासारखी कळ येऊन काही सेकंदांत जाते, ती चेहऱ्याच्या मज्जातंतूची. तिच्यापायी चांगले दात काढून घेतलेले लोक आहेत. आणि जिना चढताना खालचा जबडा दुखू लागला, घाम फुटला, थांबल्यावर कमी झाला, तर दंतवैद्याकडे न जाता थेट हृदयाच्या डॉक्टरकडे.

पुढची लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्याच्या आतल्या बाजूला, जिभेखालच्या स्नायूच्या पातळीखाली उतरलेली असतात. तिथला पू फुटला तर थेट हनुवटीखाली आणि गळ्याकडे पसरतो. हनुवटीखाली दोन्ही बाजूंना टणक सूज येते, जीभ वर उचलली जाते, लाळ गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो, तोंड दोन बोटेही उघडत नाही. श्वासनलिका दाबली जाऊन काही तासांत माणूस दगावू शकतो. अशा वेळी दाताचा लहान दवाखाना शोधत बसू नये. जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे, १०८ ला फोन करावा, रुग्णाला आडवे झोपवू नये, बसवून न्यावे.

लोक हौसेने पुडी घेत नाहीत, याची जाणीव आम्हा दंतवैद्यांना आहे. दवाखान्यात जायचे म्हणजे रोजगार बुडतो, इंजेक्शनची भीती असते आणि खर्चाचा अंदाज नसतो. ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्याचे पद असले तरी दात तपासायची खुर्ची किंवा तिची यंत्रे चालवणारा कॉम्प्रेसर बंद असेल तर तिथेही शेवटी गोळ्याच हातात पडतात. म्हणून आरोग्य विभागाने या खुर्च्या चालू ठेवणे हा औषधांच्या गैरवापरावरचाच उपाय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईत नायर दंत महाविद्यालयात कमी खर्चात उपचार होतात. रांग असते, पण दात वाचतो.

कायदा आधीच आहे. अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल, केटोरोलॅक औषध नियमांतल्या 'शेड्यूल एच' या यादीत येतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सेफिक्झिमसारखी औषधे २०१४ पासून त्याहून कडक अशा एच-१ यादीत आहेत. त्यांच्या विक्रीची वेगळी वही, डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह, ३ वर्षे जपून ठेवावी लागते. अन्न व औषध प्रशासनाने त्या वह्या अधूनमधून उघडून पाहाव्यात. जुनी चिठ्ठी दाखवून तेच औषध पुन्हा घेणेही नियमात बसत नाही: डॉक्टरने तसे लिहिलेले नसेल तर चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचे असते. औषध दिल्यावर दुकानदाराने डॉक्टरच्या चिठ्ठीवर तारखेसह शिक्का मारला तर हा प्रश्न बराच सुटेल.

आणि आम्हा दंतवैद्यांचा वाटाही यात आहे. साधी दाढ काढल्यावरही पाच दिवसांचे प्रतिजैविक सवयीने लिहिले जाते. पुढची दहा वर्षे घरातले सगळे तीच चिठ्ठी वापरतात. चिठ्ठीवर कोणता दात, काय निदान, औषध कोणत्या तारखेला संपवायचे हे लिहावे, प्रतिजैविक नको असेल तिथे "प्रतिजैविकाची गरज नाही" असे स्वच्छ मराठीत लिहून द्यावे. रुग्णांना एकच विनंती: दवाखान्यात येताना आधी घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे, कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे का असेनात, सोबत आणा, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते सांगा. गोळीच्या अमलाखाली असलेला दात थंड लावून किंवा ठोकून तपासला तरी खरे उत्तर देत नाही, आणि मग शेजारचाच दात उघडला जाण्याची भीती असते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक दंतशल्यचिकित्सक, सातारा